बारा डिग्रीचं कपाट

मिस्त्रींच्या काही सवयी.

कुणाच्याही घरी गेले, की आधी फ्रीजच्या दाराची रबरी पट्टी बोटाने चाचपायची. मग माणसांची चौकशी.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. ते थर्मामीटर ठेवायचे.

चहा बशीत ओतून गार करायचा आणि गार झाल्यावर त्याच्यावर फुंकर घालायची.

अर्धवट उघडं दार दिसलं की लावून टाकायचं. दुसऱ्याच्या घरचंसुद्धा. एकदा एका कचेरीत साहेबांच्या केबिनचं लावलं. ते ओढलं की आपोआप कुलूप बसणारं निघालं, आणि साहेब बाहेर उभे होते.

कुणी वाईट बातमी सांगितली, की पहिला प्रश्न, "कधीपासून?" मशीन असो, माणूस असो.

झोपताना पाय चादरीबाहेर. बारा महिने.

आणि रोज सकाळी, दात घासायच्याही आधी, मागच्या खोलीतल्या काचेच्या कपाटावरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. अकरा वर्षं तो आकडा बारा होता.

ही यादी वहिनींची. वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणते. मागच्या आठवड्यात त्यांनी ही यादी एका दमात सांगितली. बोटं मोजत सांगितली. सातव्या बोटाला थांबल्या आणि म्हणाल्या, "घोरण्याचं राहू दे. ते काय सगळेच घोरतात."

मिस्त्री फ्रीज दुरुस्त करायचे. अडतीस वर्षं. दुकानांतले, दवाखान्यांतले, बर्फाच्या कारखान्यातले, घरोघरचे. धंद्यातले लोक त्यांना थंडोबा म्हणायचे. एक तर काम थंडीचं, आणि दुसरं म्हणजे त्यांना घाई कशी ती माहीतच नव्हती. बिघडलेल्या फ्रीजजवळ ते स्टूल घेऊन बसायचे, त्याच्या पाठीला कान लावायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, गडी झोपला. पंधरा मिनिटांनी ते उठून एकच स्क्रू पिळायचे आणि फ्रीज चालू व्हायचा.

त्यांच्या धंद्याचं एकच तत्त्व होतं. गारवा एकसारखा हवा. आज आठ, उद्या सहा, परवा अकरा, हे त्यांना खपायचं नाही. "चढउतार करतं ते हवामान," ते म्हणायचे. "मशीनने एका शब्दावर राहायला पाहिजे." वहिनींनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात हे वाक्य ऐकलं. नंतर किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही.

आता कपाटाबद्दल.

ते एका शीतपेयांच्या दुकानातलं होतं. उभं, काचेच्या दाराचं. दुकान बंद पडलं तेव्हा मालकाने ते फुटपाथवर काढून ठेवलं आणि मिस्त्रींनी ते तीन जिने चढवून घरी आणलं. चार हमाल लागले. वहिनींना वाटलं, भाजी ठेवायला होईल. मिस्त्रींनी आतले कप्पे काढले, पाण्याचा ट्रे बसवला, लहान पंखा बसवला, उत्तरेच्या खिडकीशी ते उभं केलं, आणि त्यात मनगटाएवढा एक ओंडका टांगला. ओंडक्यावर शेवाळ होतं. शेवाळात सुपारीएवढे हिरवे कंद होते. प्रत्येक कंदाला दोन पानं.

"हे काय?"

"ऑर्किड आहे. डोंगरातलं."

"भाजी कुठे ठेवायची?"

"याच्यात नाही," मिस्त्री म्हणाले.

ऑर्किड दिलं होतं बाईंनी. बाई कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या विभागातलं थंड कपाट बंद पडलं म्हणून मिस्त्रींना बोलावणं गेलं होतं. मिस्त्रींनी दार उघडलं तर आत सगळं कुजलेलं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" बाई म्हणाल्या, "सुट्टीत कुणीतरी मेन स्विच बंद करून गेलं." आणि खुर्चीत बसून राहिल्या.

मग हळूहळू सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वी बाई विद्यार्थ्यांना घेऊन उंच डोंगरात गेल्या होत्या. ढग जिथे रोज उतरतात तिथे. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि तोडलेली झाडं उतारावर आडवी पडली होती. एका फांदीवर हे ऑर्किड होतं. बाईंनी तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. त्यांनी फांदीसकट तीन तुकडे आणले. एक कॉलेजच्या जाळीघरात ठेवला, तो पहिल्याच उन्हाळ्यात गेला. दुसरा विभागातल्या या बंद पडलेल्या कपाटात कुजला. तिसरा बाईंच्या घरी न्हाणीघरात होता, कारण घरातली सगळ्यांत गार जागा तीच. तोही माना टाकायला लागला होता.

"पुन्हा जाऊन आणा की," मिस्त्री म्हणाले.

"जाऊन आले. उतारच राहिला नाही. भिंत आहे तिथे सिमेंटची. आजूबाजूच्या दऱ्या बघितल्या. कुठेच नसेल असं मी म्हणत नाही. मला दिसलं नाही, एवढंच म्हणते."

"नाव काय त्याचं?"

"तेच तर. पानांवरून घराणं कळतं, नाव नाही कळत. नाव फुलावरून. आणि फूल मी बघितलेलं नाही."

मिस्त्रींनी विचार केला. मग एकच प्रश्न विचारला. "याला किती थंडी लागते?"

बाई म्हणाल्या, "तिथलं धरलं तर, बारा."

"बारा," मिस्त्री म्हणाले. "ठीक आहे."

त्या दिवसापासून कपाट बारावर होतं. बारा म्हणजे बारा. बाहेर माणसं उकडून निघत असली तरी आत बारा. वीज गेली तर मिस्त्री बर्फाच्या लाद्या आणून ट्रेमध्ये ठेवायचे. पाणी साधं घालायचे नाहीत. नळाच्या पाण्यात क्षार असतात. गिऱ्हाइकांच्या एसीचं ठिबकणारं पाणी ते बाटलीत भरून आणायचे. लोकांना वाटायचं, माणूस जरा सरकलेला आहे.

"सवतीला एसी आणि मला पंखा," वहिनी म्हणायच्या.

"तुला क्षार चालतात," मिस्त्री म्हणायचे.

बाई दोन-तीन महिन्यांनी यायच्या. काचेला नाक लावून बघायच्या. पहिल्या भेटीत वहिनी त्यांना म्हणाल्या, "म्हणजे बांडगूळच ना हे? दुसऱ्याच्या जिवावर जगणारं?"

"छे हो. बांडगूळ झाडाचं रक्त पितं. हे फक्त झाडावर राहतं. खातं स्वतःचं."

"म्हणजे भाडेकरू."

"हो. भाडेकरूच म्हणा."

"आमचा तर भाडंही देत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

भाडेकरू दर वर्षी एक नवा कंद द्यायचा. दोन नवी पानं. पानांवर डाग नाही, मुळं पांढरीशुभ्र, टोकं हिरवी. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं. फूल तेवढं नाही. एक वर्ष गेलं. पाच गेली. बाई निवृत्त झाल्या. मिस्त्रींनी खत बदललं, दिवा बदलला, पंख्याचा वेग बदलला. बारा मात्र बदलले नाहीत. बदलायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते एकच होतं ज्याची त्यांना खात्री होती.

दहाव्या वर्षी बाई आल्या आणि वहिनींच्या लक्षात आलं, की बोलताना त्या तोंड भलतीकडे करतात. वहिनींना वाटलं, काही चुकलं का आपलं.

"रागावलात का?"

"नाही हो. समोर बघितलं की तुमचा चेहराच दिसत नाही. मधोमध डाग आहे. कडेने दिसता. कान छान दिसतोय तुमचा."

मिस्त्रींनी चहाची बशी खाली ठेवली. "कधीपासून?"

"वर्ष झालं. एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसऱ्याचं सुरू झालंय. डॉक्टर म्हणतात, मधलं सगळं जाईल. कडेचं राहील. वाचणं संपेल, वर्षभरात म्हणा."

बाई काचेकडे वळल्या.

"फूल यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती. पाऊस यायला हवा होता म्हणतात, तसं.

बाई गेल्यावर मिस्त्री मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. कपाटाच्या पाठीला कान लावला. वहिनींनी दारातून बघितलं. मशीन उत्तम चाललं होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. मिस्त्रींना अशा मशीनचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेकीच्या इमारतीत लिफ्ट होती. डॉक्टरांनी सांगितलं, अडीच महिने जिना नाही. मिस्त्री लेकीकडे गेले. वहिनीही गेल्या, पण त्यांचं शिवणकाम होतं. मशीन घरी, गिऱ्हाइकं घरी. म्हणून त्या रोज सकाळी घरी यायच्या आणि संध्याकाळी लेकीकडे परत जायच्या.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी पलंगावरून यादी दिली. "सकाळी गेल्या गेल्या आकडा बघायचा. वहीत लिहायचा. मग पाणी. एसीचं. कॅनमध्ये भरून ठेवलंय. दार दहा सेकंदांच्या वर उघडं ठेवायचं नाही."

"दहा सेकंद. मोजू का?"

"मोज."

वहिनी सकाळी नऊला यायच्या. आकडा बघायच्या. बारा. वहीत लिहायच्या. मग त्याच खोलीत शिवायला बसायच्या. आणि शिवायला बसलं, की इस्त्री लागते. शिवण दाबल्याशिवाय कपड्याला बैठक येत नाही.

इस्त्रीला चालेल असा प्लग त्या खोलीत एकच होता. जाडा, पॉवरचा. त्यात कपाटाची पिन होती. मिस्त्री घरी असताना वहिनी इस्त्रीसाठी स्वयंपाकघरात जायच्या. प्रत्येक शिवणीला उठायचं, जायचं, यायचं. अकरा वर्षं. आता घरात कुणी नव्हतं. वहिनींनी कपाटाची पिन काढली आणि इस्त्रीची घातली. पाच मिनिटांसाठी.

पाच मिनिटांची दहा झाली. मग त्यांना वाटलं, सारखी पिन काढघाल कशाला? आणि खोली किती शांत झाली होती. संध्याकाळी जाताना त्यांनी कपाट पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन चपला न काढताच आकडा बघितला.

बारा.

त्यांनी वहीत बारा लिहिले आणि पिन काढली.

एकदा दुपारी सहज बघितलं तर आकडा एकवीस होता. वहिनींनी पिन लावायला हात पुढे केला. पण पानं तर ताजी दिसत होती. काच खिडकीतल्या उजेडाने उजळली होती, शेवाळ चमकत होतं. "बाई गं, तुलाही जरा ऊब हवीच की," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा शिवायला बसल्या. असे अडीच महिने.

मिस्त्री परत आले. काठी टेकत, एकेका पायरीला थांबत. आधी वही बघितली. पंचाहत्तर दिवस, पंचाहत्तर बारा.

"शाब्बास," ते म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि उगाच ताटं विसळत बसल्या.

तीन आठवड्यांनी, सकाळी, मिस्त्रींनी हाक मारली. "अगं, इकडे ये." आवाज असा होता, की वहिनींना वाटलं पडले.

ते कपाटासमोर उभे होते. नव्या कंदाच्या बुडाशी, पानांच्या आड, काडेपेटीच्या काडीएवढं काहीतरी हिरवं बाहेर आलं होतं. मूळ नव्हतं. मुळं खाली जातात. हे वर चाललं होतं.

बाईंना फोन गेला. बाई रिक्षाने आल्या, भिंत धरत जिना चढल्या. काचेशी कान लावल्यासारखं तोंड फिरवून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग खाली बसल्या.

"काय बदललंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी बदललंच असणार. अकरा वर्षांनी उगाच येत नाही."

"बाई, वही बघा. बारा. एक दिवस चुकलेला नाही. मी नव्हतो तेव्हाही नाही."

"किती वाजताचा आकडा?"

"सकाळचा."

"आणि दुपारी किती असतं?"

"बाराच," मिस्त्री म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "दुपारी वेगळं कशाला असेल?"

बाई त्यांच्याकडे वळल्या. म्हणजे त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

"मिस्त्री, डोंगरात दुपारी ऊन असतं. वीस-बावीसपर्यंत जातं. पहाटे पाच-सहावर येतं. म्हणून तर त्याला ऋतू कळतो. तुम्ही अकरा वर्षं दिवसरात्र बारा ठेवलंत?"

"तुम्हीच म्हणालात बारा."

"मी सरासरी सांगितली!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "माझी चूक. मी सरासरी सांगितली आणि समोर बसलाय कोण, तर फ्रीजचा मिस्त्री. मला सुचायला हवं होतं."

"पण मग आता कसं आलं?" मिस्त्री म्हणाले. "मी तर अजूनही..."

"इस्त्री," वहिनी म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी त्यांच्या कानाकडे.

वहिनींनी सगळं सांगितलं. पिन, पाच मिनिटं, शांत खोली, एकवीस. सांगताना त्या पदराच्या काठाची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या. "सकाळी बारा असायचे हो. म्हणून बारा लिहिले. खोटं नाही लिहिलं."

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. मिस्त्री हसले नाहीत. ते स्टुलावर बसून राहिले. वहिनींना माहीत होतं ते काय मोजताहेत. अकरा वर्षांत बाईंचे दोन्ही डोळे चांगले होते अशी नऊ होती.

"मीच आडवा बसलो होतो की," ते शेवटी म्हणाले. "अकरा वर्षं. त्याला फुलायचं होतं आणि मी त्याला एका शब्दावर धरून ठेवलं."

"अहो, जिवंत कुणी ठेवलं?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे दोन मेले."

"जिवंत ठेवणं म्हणजे काय, बाई. बर्फाच्या कारखान्यात मासेही चांगले राहतात."

वहिनींना वाटलं, आता हे टायमर बसवणार. घड्याळ, तारा, रिले, सगळं त्यांच्या डब्यात होतं. एका संध्याकाळचं काम. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांनी वहिनींची इस्त्री उचलून आणली आणि त्या प्लगजवळ ठेवली.

"काढ पिन."

"मी?"

"तुझ्या हाताने आलंय. आता कळी गळाली तर पुन्हा वर्षभर थांबायचं, आणि बाईंकडे वर्ष नाही. माझी अक्कल मध्ये नको. तू जशी काढत होतीस, तशीच काढ. ज्या वेळेला काढत होतीस, त्याच वेळेला."

"आणि शिवायला काही नसलं तर?"

"तर माझे शर्ट इस्त्री कर. सगळे चुरगळलेलेच आहेत."

सव्वा महिना मिस्त्रींचे शर्ट कडक इस्त्रीचे होते. इमारतीतले लोक विचारायचे, "काय थंडोबा, लग्न ठरलं वाटतं?" ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा. तिच्याशीच." घरी मात्र ते कपाटापासून दोन हात लांब बसायचे. जवळ गेलं की हात शिवशिवायचे. थर्मामीटरही त्यांनी खिशातून काढून फडताळात ठेवलं होतं.

दांडी वाढली. तिला तीन कळ्या आल्या. एक पिवळी पडून गळाली, त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. उरलेल्या दोन फुगल्या. आणि एका सकाळी पहिली उमलली, दुसरी दोन दिवसांनी.

फूल नखाएवढं होतं. हिरवट पांढरं, त्यावर तपकिरी ठिपके. वहिनींनी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"कोथिंबिरीला याहून बरं येतं हो."

पण दार उघडलं तेव्हा मधासारखा वास आला, अगदी हलका. दहा सेकंदांच्या वर दार उघडं राहिलं. कुणी मोजलं नाही.

बाई आल्या. भिंग घेऊन आल्या. त्यांनी फुलाभोवती भिंग सगळीकडून फिरवलं, मान वाकडी केली, उलटी केली. मग भिंग खाली ठेवलं.

"आहे एवढं दिसतंय. आत काय आहे ते दिसत नाही."

लेकीने मोबाईलवर फोटो काढून मोठे करून आणले. बाईंना पडद्याचा उजेड सहन होईना. कागदावर छापले, तर हिरव्यात हिरवं मिसळून नुसता डाग, आणि फुलाच्या आत एवढी सावली, की लेकीलाही तिथलं काही दिसेना. कॉलेजात फूल द्यावं, तर जाळीघराच्या आठवणीने बाईंचं मन होईना. "सगळं आहे," त्या म्हणाल्या, "आणि माझ्यापर्यंत पोचत नाही."

"तुम्हाला मोठं आणि काळं लागतं ना?" मिस्त्री म्हणाले.

त्यांच्याकडे वायरिंगचे जुने तक्ते होते. दार झाकेल एवढे मोठे कागद, मागून कोरे. त्यांनी एक भिंतीला लावला. व्हर्नियर काढला, ज्याने ते नळीचा व्यास मोजायचे. काळा जाड मार्कर काढला.

"मी चित्रकार नाही," ते म्हणाले. "मला सर्किट काढता येतं. याचं सर्किट काढतो. तुम्ही पार्ट सांगा."

"तीन बाहेरच्या पाकळ्या, दोन आतल्या आणि एक ओठ. ओठ म्हणजे खालची, वेगळ्या आकाराची. नाव सगळं त्या ओठात आहे."

"म्हणजे कंप्रेसर."

"हो, कंप्रेसर."

पाच दिवस काम चाललं. सकाळी दहा ते बारा, खिडकीतला उजेड चांगला असेपर्यंत. मिस्त्री भिंग डोळ्याला लावून स्टुलावर बसायचे, एक माप घ्यायचे, उठायचे, ते चाळीसपट करून भिंतीवर पेन्सिलने ठिपका द्यायचे. ठिपक्याला ठिपका जोडून वरून मार्कर फिरवायचे. प्रत्येक भागाला बाण. बाणाच्या टोकाला आकडा. दुखरा गुडघा घेऊन ते दिवसातून शंभरदा उठबस करायचे. बाई खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे खांदा करून बसायच्या आणि डोळ्याच्या कडेने बघायच्या.

"वरची पाकळी पुढे झुकलीय का?"

"झुकलीय. नऊ मिलिमीटर लांब, टोकाला किंचित वाकडी."

"किंचित म्हणजे?"

"अर्धा मिलिमीटर. डावीकडे. माझी चूक नाही, तिची आहे."

बाई हसायच्या. वहिनी त्याच खोलीत शिवत असायच्या. त्यांना आठवत नाही मिस्त्री इतकं कधी बोलल्याचं. एखादा आकार नीट उतरला, की बाई म्हणायच्या, "दिसलं." एवढा एकच शब्द. मिस्त्री तो शब्द ऐकायला थांबायचे आणि मग पुढच्या ठिपक्याला लागायचे.

पाचव्या दिवशी ओठ आला. बाहेरची कड झाली. आतल्या बाजूला उभ्या रेघा होत्या, उठावाच्या, केसाएवढ्या. बाई सरसावून बसल्या.

"रेघा मोजा. यावर सगळं आहे. तीन असतील तर ते एका जातीत बसेल, जिचं वर्णन मी वाचलंय. पाच असतील तर..."

"तर?"

"तर मला माहीत असलेल्या कशातच बसत नाही."

मिस्त्रींनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. एक रेघ काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. मग थांबले.

"कडेला दोन आहेत असं वाटतंय. सावली असेल. उजेड गेला. अंदाजाने नाही काढणार, बाई."

"नका काढू."

"उद्या सकाळी बघतो. दहाच्या उजेडात."

तो मंगळवार होता.

बुधवारी बाई पावणेदहालाच आल्या. मिस्त्री तयार होते. त्यांनी मार्कर उघडला तर तो सुकलेला. "टोपण लावायचं राहिलं काल," ते म्हणाले. "माझ्याकडून. बघा." वहिनी म्हणाल्या, "अहो, पेन्सिलने काढा की." ते म्हणाले, "पेन्सिल बाईंना दिसत नाही." काठी घेतली आणि खाली गेले. दुकान कोपऱ्यावरच होतं.

वीस मिनिटं झाली. बाई म्हणाल्या, "गुडघा असेल, सावकाश येतील." वहिनींनी पिन काढली, इस्त्री लावली. तीस मिनिटं झाली.

ते दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले. भिंतीला खांदा टेकलेला. काठी शेजारी नीट उभी केलेली. खिशात नवा मार्कर होता. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. वहिनींनी डॉक्टरांना विचारलं, "कधीपासून?" मग त्यांना कळलं, आपण काय विचारलं.

त्या दिवशी पिन परत लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी आकडा अठ्ठावीस होता आणि दोन्ही फुलं मिटून ट्रेमधल्या पाण्यात पडली होती. वहिनींनी ती बाईंनी नमुन्यासाठी आणून ठेवलेल्या स्पिरिटच्या बाटलीत घातली. बाई म्हणाल्या, पाण्याने मऊ पडलीत, रेघा आता मोजता येतील असं वाटत नाही. झाड जगलंय. वहिनी रोज नऊला पिन काढतात आणि पाचला लावतात. पुन्हा दांडी येईल. कधी, ते बाई सांगत नाहीत. त्या आता इमारतीचा जिनाही मोजून चढतात.

तक्ता भिंतीवर तसाच आहे. वहिनी काढू देत नाहीत. पाच पाकळ्या पूर्ण आहेत, बाण आणि आकड्यांसकट. ओठाची कड पूर्ण आहे. आत तीन रेघा मार्करने काढलेल्या आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलचा एकेक ठिपका आहे, आणि खाली मिस्त्रींच्या सरळ, सुट्या अक्षरात लिहिलं आहे:

रेघा — ३ / ५? नक्की करून बाईंना सांगणे.